अर्नी पास्को झेंडा पुरायला जातो

लिनेटचं लग्न झालं त्या वर्षी होल्डन गाडी शर्यतीत शेवटची धावली. अर्नी पास्कोच्या घरात त्या सालाची ओळख अजून अशीच सांगतात. एकुलती एक लेक गेली ती डन्स्टनांच्या घरी, आणि डन्स्टन म्हणजे पिढीजात फोर्डवाले. तिचा सासरा क्लॅरी हा अर्नीचा चाळीस वर्षांचा दोस्त आणि तितक्याच वर्षांचा वैरी. दर ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या डोंगरावर मोठी शर्यत व्हायची, तेव्हा दोघांचे तंबू एकाच निलगिरीखाली लागायचे. एकावर होल्डनचा लाल झेंडा, दुसऱ्यावर फोर्डचा निळा. शर्यत संपेपर्यंत दोघे एकमेकांना शिव्या घालायचे आणि एकाच तव्यावरचे सॉसेज खायचे.

लग्नाच्या दिवशी नवरी कुठल्या गाडीतून चर्चला जाणार, यावर आठवडाभर वाद चालला. शेवटी लिनेट चालत गेली.

जानेवारी उजाडला तसे नव्या मोसमाचे वारे वाहू लागले. दुकानांत नव्या टोप्या आल्या, टीव्हीवर नव्या गाड्या दाखवू लागले. अर्नी टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसायचा. एका संध्याकाळी क्लॅरीच्या ओट्यावर विषय निघालाच.

"यंदा कुणाच्या बाजूनं रे?" क्लॅरीनं विचारलं. "होल्डन कंपनी तर बंदच झाली. ये फोर्डकडे. आता व्याही झालास, कुणी नावं ठेवणार नाही."

"मेलो तरी येणार नाही."

"मग ती दुसरी नवी अमेरिकन गाडी आहे, तिच्याकडे जा."

"तिची माझी ओळख नाही."

"मग करणार काय?"

"काही नाही. यंदा मी डोंगरावर येत नाही. झालं माझं."

क्लॅरीनं आपला चहा संपवला आणि म्हणाला, "बरं झालं. जागा मोकळी होईल. मी पाय पसरून बसेन."

अर्नी चहा अर्धा टाकून उठला. इतक्या वर्षांत क्लॅरीनं त्याला वाटेल ते म्हटलं होतं, पण येऊ नकोस असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ्यावरून झेंडा काढला. बेरिलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पलंगपोस जोडून तो शिवला होता. उभा धरला तर माणसाएवढा. अर्नीनं तो काठीसकट जुन्या चादरीत गुंडाळला, दोरीनं बांधला आणि गाडीत मागं ठेवला. बेरिलनं विचारलं तेव्हा "कोंबड्यांचं खाद्य आणतो" असं सांगून तो निघाला.

डोंगरावर वस्तू पुरणं ही काही त्याची कल्पना नव्हे. शर्यतीच्या दिवसांत फाटकावर माणशी ठरावीकच बिअर आत सोडतात. म्हणून जुनी मंडळी मोसम सुरू होण्याआधीच वर जाऊन खड्ड्यात साठा ठेवून येत. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. पुरणं म्हणजे ऑक्टोबरात परत येण्याचा शब्द देणं, असंच अर्नी मानत आला होता. या वेळी पहिल्यांदाच तो परत न येण्यासाठी पुरणार होता.

एरवी शर्यतीचा तो मार्ग म्हणजे साधा गावचा रस्ता. साठच्या वर वेग गेला की पोलीस धरतात. अर्नीचा प्रश्नच नव्हता. तो अंत्ययात्रेच्या चालीनं चढत होता. एक सायकलवाली बाई त्याला मागं टाकून पुढं गेली आणि माथ्यावर पाणी प्यायला थांबली. तिथून तिला दिसलं ते असं: एक म्हातारा झाडाखाली खणतो आहे. माणसाएवढं काहीतरी चादरीत बांधलेलं तो हळूच खड्ड्यात उतरवतो आहे. मग टोपी काढून मान खाली घालून उभा राहतो आहे. बाईनं फोन काढला.

अर्नीला एवढंच जाणवलं की जमीन भलतीच भुसभुशीत आहे. बिळं करणाऱ्या एखाद्या वोम्बॅटनं उकरली असेल, असं त्याला वाटलं. तो माती लोटू लागला तोच पोलिसांची गाडी येऊन थांबली. प्रीस नावाची तरुण कॉन्स्टेबल उतरली.

"काका, काय पुरताय?"

"झेंडा."

"जरा उघडून दाखवता?"

"नाही. एकदा पुरलं की उघडून बघायचं नसतं."

"घरी माहिती आहे?"

"बायकोला विचारा," अर्नी म्हणाला, आणि लगेच त्याला कोंबड्या आठवल्या. पण तोवर फोन लागला होता.

"तो कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलाय," बेरिलचा आवाज आला.

"कोंबड्या किती आहेत तुमच्याकडे?"

"एकही नाही. ईस्टरलाच कोल्ह्यानं नेल्या. खाद्य कशाला हवंय ते मलाही त्याला विचारायचंय."

प्रीसनं फोन ठेवला. "काका, तुमच्या बाजूनं बोलेल असं दुसरं कुणी?"

"क्लॅरी डन्स्टन. माझा व्याही."

क्लॅरीचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना.

"शेवटची भेट कधी झाली?"

"काल संध्याकाळी. वाजलं आमचं."

"कशावरून?"

"मी डोंगरावर नकोय म्हणाला. जागा मोकळी होईल म्हणाला."

प्रीसनं खड्ड्यातल्या गाठोड्याकडे पाहिलं. "उंची किती असेल त्यांची?"

"बुटका आहे," अर्नी तुच्छतेनं म्हणाला. "साधारण या झेंड्याएवढा."

प्रीसनं आणखी एक गाडी मागवली.

ती येईपर्यंत अर्नीला निमूटपणे गाठोडं वर काढावं लागलं. दोरी सुटली, लाल कापडावरचा होल्डनचा सिंह दिसला आणि प्रीसनं रोखलेला श्वास सोडला. "माझे बाबा असाच लावायचे," असं काहीतरी ती बोलत होती, तेवढ्यात तिचं लक्ष खड्ड्याच्या तळाशी गेलं. मातीतून निळ्या ताडपत्रीचं टोक वर आलं होतं.

"आणि हे काय?"

"हे माझं नाही," अर्नी म्हणाला. ते खरंच होतं, पण त्या घडीला फार वाईट वाटलं ऐकायला.

दुसरी पोलीस गाडी वर आली, आणि तिच्यामागोमाग एक जुनी निळी फोर्ड. तिच्यातून हातात फावडं घेऊन क्लॅरी डन्स्टन उतरला. दोन पोलीस गाड्या, उकरलेला खड्डा आणि अर्नी, असं सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं आणि फावडं खाली ठेवलं.

"पुरलंय मीच," तो म्हणाला. "त्याला सोडा. त्याला काही माहीत नाही."

ताडपत्री उघडली. आत फोर्डचा निळा झेंडा घडी घालून ठेवला होता, आणि त्याच्यावर बिअरचे सहा डबे.

अर्नी खड्ड्याच्या काठावर बसत म्हणाला, "लेका, तुझी गाडी तर अजून धावतेय. तुला काय धाड भरली?"

"तू नाहीस तर इथं शिव्या कुणाला घालू? या झाडाला? काल तू उठून गेलास आणि मी सरळ इथं आलो."

"मग आज फावडं घेऊन परत कशाला?"

"झोप लागेना. माझाही झेंडा बेरिलनंच शिवलाय. मातीत कसा टाकायचा?"

"आणि यायचंच नव्हतं, तर बिअर कशाला ठेवलीस?"

क्लॅरी बुंध्याला टेकून श्वास गोळा करत होता. चढ तर तो गाडीतून चढला होता. अर्नीनं ते आता नीट पाहिलं.

"काय रे?"

"डॉक्टर म्हणतात, ऑक्टोबर फार लांब आहे," क्लॅरी म्हणाला. उद्या ऊन पडेल, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

अर्नीनं झेंड्यावरची माती झटकली. बराच वेळ झटकत राहिला. मग म्हणाला, "मोसमाची पहिली शर्यत कधी आहे?"

"मार्चात."

"तुझ्याकडे येतो टीव्हीवर बघायला. पण फोर्डसाठी टाळी वाजवणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"वाजवलीस तर घराबाहेर काढीन."

दुसऱ्या गाडीतल्या हवालदारानं डब्यांकडे बोट दाखवलं. प्रीस म्हणाली, "मला तर दोन झेंडेच दिसतायत. काका, खड्डा मात्र नीट बुजवा. कुणाचा पाय अडकायला नको."

त्यांनी डबे परत आत ठेवले आणि खड्डा बुजवला. माती अर्नीनं ओढली. क्लॅरीनं बसल्या जागेवरून त्याच्या कामाला नावं ठेवली.

ऑक्टोबरात निलगिरीखाली एकच तंबू लागला. त्यावर दोन्ही झेंडे होते. बेरिल सॉसेज परतत होती. अर्नीच्या अंगात लाल सदरा होता आणि डोक्यावर घट्ट बसणारी एक निळी टोपी. फोर्ड पुढं गेली की तो उठून ओरडायचा, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायचा आणि ओरडणाऱ्याला शिव्या घालायचा.

शेजारच्या तंबूतून कुणीतरी हाक मारली, "पास्को, बाटलास काय रे?"

"नाही," अर्नी म्हणाला. "निळ्या बाजूला यंदा माणूस कमी पडलाय."

मग त्यानं फावडं घेतलं, सहा डबे वर काढले आणि दोन फोडले.

क्लॅरी डन्स्टन त्याच वर्षी ऑगस्टात, एका मंगळवारी सकाळी, बाथर्स्टच्या इस्पितळात वारला.