गालातली ओल आणि तिचा बंदोबस्त

गुळगुळीत पृष्ठभागावर कापसाचा तंतू टिकत नाही. काचेवर ठेवला तर हलक्या फुंकरीनं निघून जातो. खरखरीत पृष्ठभागावर मात्र तो अडकतो, आणि खरखर जितकी जास्त तितका घट्ट अडकतो. सायरबाईच्या डाव्या गालावर असा एक तंतू सकाळपासून होता. तिनं मान हलवली तरी तो हलत नव्हता. त्याचं मोकळं टोक तेवढं श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

इतर घरांत ही बाब कुणाच्या नजरेत भरली नसती. पण मस्तगडातलं हे घर जेठमल यांचं, आणि सायरबाईचे सासरे जेठमल कापसाचे व्यापारी. घनसावंगीकडच्या, वडीगोद्रीकडच्या गाड्या जालन्यात आल्या की त्यांच्या दारात थांबत. वजन वाढावं म्हणून कुणी कापसावर पाणी मारलं आहे का, हे ते मूठभर कापूस स्वतःच्या गालाला लावून सांगत. चिकटला तर ओल, घसरला तर माल चोख. त्यामुळे ओल म्हणजे लबाडी आणि कोरडेपणा म्हणजे सचोटी, हे त्या घरातल्या मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळत असे.

त्यांच्या पत्नी जमनाबाई यांनी हीच परीक्षा माणसांना लावली. फरक एवढाच की जेठमल गाल कायम ठेवून कापूस तपासत, आणि जमनाबाई कापूस कायम ठेवून गाल तपासत.

सायरबाईची कातडी जात्याच कोरडी आणि नाजूक. थंडीत तिला भेगा पडत, पदर घासला तरी ती लाल होई. लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात जमनाबाईंनी तिच्या गालाला कापूस लावून पाहिला. तो अडकला. (भेगेत अडकला, पण अडकला.)

"ओल हाय," जमनाबाई म्हणाल्या, आणि घराण्याचा खात्रीचा उपाय सुरू झाला.

उपाय असा. पहाटे चण्याच्या पिठानं तोंड घासावं. पीठ जाडसर असावं, कारण बारीक पिठानं घासल्याचं कुणाला पटत नाही. मग लिंबू पिळून कालवलेल्या मुलतानी मातीचा लेप द्यावा. लेप वाळेपर्यंत बोलू नये. (सुनांना ही अट जड जात नाही, असा अनुभव होता.) आग झाली तर ओल निघते आहे असं समजावं, झाली नाही तर लिंबू वाढवावं. संध्याकाळी तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवावं. तेल, साय, लोणी यांना सक्त मनाई, कारण ती उघडउघड ओल आहे. शेवटी कापूस लावून पाहावा आणि अडकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

यामागचा विचार बिनतोड होता. कोरड्या कातडीचा त्रास होतो, कारण ती पुरती कोरडी झालेली नसते.

निजामाचं राज्य गेलं, हैदराबादेत नवं सरकार आलं, पहिली निवडणूकही होऊन गेली. जमनाबाईंच्या वाटीतल्या लेपात बदल झाला नाही. ज्या चेहऱ्यासाठी हे चाललं होतं तो घुंघटाखाली असल्यामुळे गावानं कधी पाहिला नव्हता. पण शिस्त ही दिसण्यासाठी नसते. घराण्यातल्या सुनांपैकी 'गुण आला नाही' असं सांगणाऱ्यांची संख्या शून्य होती. (ज्यांना विचारलं, त्यांची संख्याही तेवढीच होती.)

यंदाच्या पर्युषणात सायरबाईनं अठाई केली. आठ दिवसांचा उपवास, फक्त उकळलेलं पाणी. तपात असताना अंगाला उटणं-लेप काही लावायचं नाही, असा त्यांच्या जैन घरातला रिवाज. पारण्याच्या सकाळी शेजारपाजारच्या बायका जमल्या, आणि जमनाबाईंनी सवयीनं सुनेच्या गालाला कापूस लावला. तो घसरला. पुन्हा लावला. पुन्हा घसरला. (भाद्रपदातली हवा दमट असते हे सांगायला हवं, पण ती दरवर्षीच दमट असते.)

"तपाचं तेज हाय हे," दूध घालायला आलेल्या गोपिकाबाई म्हणाल्या.

"तेज कुठलं? माझा लेप हाय," जमनाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं आत बसल्ता, आता वर आला."

"मंग मलाबी सांगा की कालवायचं कसं. उन्हानं माझ्या तोंडाचं पार खेटर झालंय."

"बघ, बिनणी. तू तर कुरकुर करून राह्यल्ती," जमनाबाई सुनेला म्हणाल्या.

सायरबाईला तिसरं एक कारण दिसत होतं. तेही आजच दिसलं असं नव्हतं. माहेरी गेली की तिचा गाल बरा होई आणि सासरी आली की फुटे, हे तिनं केव्हाच ताडलं होतं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात जेठमल खाकरले. सासऱ्यासमोर सून बोलत नाही. तिनं घुंघट ओढला आणि ते कारणही आत ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी लेप सुरू झाला, तिच्या तोंडाला आणि गल्लीतल्या सगळ्या तोंडांना.

कापसाचा हंगाम आला, तशी थंडीही आली. सकाळी गल्लीतल्या बायका लेप देऊन जमनाबाईंच्या अंगणात उन्हाला बसत. कुणी बोलत नसे. एवढ्या बायका आणि एवढी शांतता मस्तगडानं पूर्वी अनुभवली नव्हती, आणि हाही उपायाचाच गुण मानला गेला.

अशाच एका सकाळी सायरबाईची सहा वर्षांची बसंती कापसाच्या ढिगावरून खेळून आली. तिच्या गालावर एक तंतू होता. जमनाबाईंनी फुंकर मारली. तो हलला नाही.

नातीची पहिलीच वेळ, म्हणून निवाड्याला जेठमलांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, चिमूटभर कापूस तिच्या गालाला लावला आणि सोडला. तो तिथंच राहिला.

"ओल हाय," ते म्हणाले. "बिलकुल हाय."

"दादाजी, आग होती का त्याच्यानं?" बसंतीनं विचारलं.

"होती. मंग जाती."

"आईची तर गेली न्हाई."

"जाईल. जल्दी कशाची?" जमनाबाई म्हणाल्या आणि वाटीत लिंबू पिळलं.

सायरबाई भिंतीशी बसली होती, घुंघटाखाली, अर्धा वाळलेला लेप घेऊन. जमनाबाईंची बोटं वाटीतून निघाली आणि बसंतीच्या गालाकडे जाऊ लागली. बसंतीनं डोळे मिटले आणि ओठ घट्ट धरले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आईकडे बघून येत होतं.

"थांबा, माँजी."

ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत लेप तडकला आणि त्याचा एक तुकडा मांडीवर पडला. जेठमलांनी सुनेचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. कुणाचा आहे हे पाहायला त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"तिला हे लावायचं न्हाई," सायरबाई म्हणाली.

जमनाबाईंची बोटं तशीच राहिली. "मंग काय लावायचं?"

प्रश्न बरोबर होता. गोपिकाबाई लेप सांभाळत, ओठ न हलवता, पुढे सरकल्या, बाकीच्याही सरकल्या. वाचकही इथवर आला तो बहुधा याच उत्तरासाठी. वरचा उपाय त्यानं हसत हसत, लिंबू थोडं कमी करून, मनात टिपून ठेवलाच असेल. आता याहून चांगला कळला तर तोही हवा आहे.

सायरबाईनं घुंघट मागे सारला. उरलेला लेप नखानं काढला, आणि बसंतीला जवळ ओढून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काहीच न्हाई. ना तिला, ना मला. आजपासून काहीच लावायचं न्हाई."