फिंटनने पडदे ओढले

"आज अकरा ते बारा या दुकानात चिटपाखरूही फिरकणार नाही," असं फिंटन मल्वीने मंगळवारी न्याहारीला बसल्या बसल्या जाहीर केलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुसरं अंडं फोडलं.

ड्रमकीलमध्ये त्याचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, कुंपणाची तार, मेंढ्यांची औषधं, गमबूट. गावाबाहेर हमरस्त्यावर मोठं स्टोअर झालं आणि तेव्हापासून गमबूटसुद्धा जागचे हलेनासे झाले. आता डब्लिनच्या एका कंपनीला लाकडं जाळून घर गरम करणाऱ्या शेगड्या विकायला अख्ख्या लीट्रिम काउंटीत एकच एजंट हवा होता. एजन्सी मिळाली तर दुकान तरणार, नाही मिळाली तर नाताळनंतर कुलूप. इतका सरळ मामला. आणि कंपनीची बाई आज पाहणीला येणार होती.

अडचण होती ती गिऱ्हाइकांची. म्हणजे ज्यांना फिंटन गिऱ्हाइकं म्हणायचा त्यांची. रोज दहाच्या ठोक्याला चार म्हातारे येऊन चाऱ्याच्या पोत्यांवर ठाण मांडत, पाऊस, सरकार आणि एकमेकांचे गुडघे यांवर तीन तास बोलत, आणि जाताना एक स्क्रू घेऊन जात. चौघांत मिळून एक. हे वैभव डब्लिनच्या बाईला दाखवण्यात अर्थ नव्हता.

"आणि आईंचं काय?" त्याच्या बायकोने, अट्रॅक्टाने विचारलं.

"तिला नऊ वाजता कॅरिकला ने. केस सेट करून आण. इथे असली तर त्या बाईला माझ्या गोवरापासून सुरुवात करेल."

"मी इथेच बसलेय," कन्सेप्टाबाई म्हणाल्या. वय शहाऐंशी, कान शाबूत. "केस करून घ्यायला मला आवडतं, म्हणून जातेय. तुझ्यासाठी नाही."

दोघी गेल्या. फिंटनने कॅफेतून हॅम सँडविचचे चार मोठे ट्रे आणले, कारण बाई एकटी येते की लवाजमा घेऊन, कोणी सांगावं? मग सूट चढवला. काळा. त्याच्याकडे तो एकच होता. पावणेदहाला, म्हातारे यायच्या आधीच, त्याने दाराला कडी घातली आणि खिडक्यांचे पडदे सर्रकन खाली ओढले.

आता ड्रमकीलमध्ये भर दिवसा दुकानाचे पडदे कधी ओढतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. रस्त्यावरून कोणाची शवपेटी चालली असेल तर, नाहीतर घरातलंच कोणी गेलं असेल तर. पन्नास वर्षं फिंटन हेच बघत आला होता. पण माणसाच्या डोक्यात शेगड्या शिरल्या की बाकीचं सगळं बाहेर पडतं.

समोरच्या खाटकाची बायको डिंप्ना कीव्हनी खिडकीत उभी होती. ती असतेच. तिने सँडविच पाहिली, काळा सूट पाहिला, पडदे पाहिले, माडीवरच्या खिडकीतली म्हातारीची रिकामी खुर्ची पाहिली. आणि अकराला एक लांबलचक काळी गाडी दारात येऊन थांबली, तेव्हा डिंप्नाने छातीवर क्रॉस केला आणि फोन उचलला.

गाडीतून कंपनीच्या मिस डेलाहंट उतरल्या. फिंटनने त्यांना दुकानात नेऊन बसवलं, पहिला ट्रे पुढे केला, तोच मागचं दार वाजलं. पुढच्याला कडी घालणाऱ्या या चाणाक्ष माणसाला मागचं दार आठवलंच नव्हतं. दारात डिंप्ना, हातात ॲपल टार्ट.

"तुझ्या त्रासाबद्दल वाईट वाटलं रे, फिंटन," ती त्याचा हात धरून म्हणाली. मयताच्या घरी तिथे हेच म्हणतात. फिंटनला वाटलं, एजन्सीच्या कटकटीबद्दल बोलतेय.

"त्रास कसला? सहा महिने याच दिवसाची वाट बघत होतो."

डिंप्नाने त्याचा हात सोडला. "सहा महिने?"

"मग! आज एकदाचं उरकलं की सुटलो. अट्रॅक्टाही तेच म्हणते."

"बरं. आणि सगळं शांतपणे झालं ना?"

"होत होतं, तू येईपर्यंत."

डिंप्ना जायच्याऐवजी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात घुसली. तिच्यामागून चार म्हातारे आले, टाय लावून. मग चर्चमधल्या गायिका, मग दोन पोस्टमन, मग रांगच. जो तो फिंटनशी हात मिळवी. मग काळ्या कपड्यांतल्या त्या अनोळखी बाईशीही मिळवी, कारण ती कन्सेप्टाबाईंची डब्लिनची भाचीच असणार.

"मिस्टर मल्वी," मिस डेलाहंट भारावून म्हणाल्या, "मंगळवारी सकाळी एवढी गर्दी? आणि प्रत्येक जण माझ्या त्रासाबद्दल हळहळतोय."

"नेहमीचंच आहे, मॅडम," फिंटन म्हणाला. हे काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण नशिबाने फुकट दिलेलं परत करायचा त्याचा स्वभाव नव्हता. "आज जरा कमीच आहेत."

तेवढ्यात मालाकी गिल्हूली आला. त्याचा बार, रंगाचं दुकान आणि शवपेटीसकट अंत्यविधीची सोय, सगळं एकाच छपराखाली. त्याने टोपी काढली.

"निरोपाची वाट बघितली नाही, फिंटन. कळल्यापासून दहा मिनिटांत हजर आहे. ओक घ्यायचं की पाइन?"

गिल्हूलीलाही शेगड्यांचा वास लागला म्हणायचा. "ओकच," फिंटन बाईंना ऐकू जाईल असं म्हणाला. "ओक सावकाश जळतं."

गिल्हूलीचा चेहरा उतरला. "जाळणार आहेस? कन्सेप्टाबाईंना? फादरना विचारलंस तरी का?"

"आईला? आईला मी कशाला जाळू?"

नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराने कन्सेप्टाबाई आत आल्या. केस झकास बसले होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," म्हातारा पॅकी म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

कन्सेप्टाबाईंनी उठू लागलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मधली खुर्ची ओढून घेतली. "मग उठताय कशाला? बसा, चहा घ्या. आणि फादर कुठे आहेत? मी वारले तरी त्यांना सवड नाही?"

पुढचे तीन तास त्यांनी एकेकाला समोर बसवून, तो त्यांच्या मयताला त्यांच्याबद्दल काय चांगलं बोलणार होता ते वदवून घेतलं. कोणी आखडतं घेतलं तर आठवण करून दिली. चारही ट्रे फस्त झाले. हसून हसून मिस डेलाहंटच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जाताना त्या टार्टचा तुकडा बांधून घेऊन गेल्या. एजन्सी खिशात, असं फिंटनने रात्री अट्रॅक्टाला तीनदा सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी पत्र आलं. अट्रॅक्टाने ते मोठ्याने वाचलं. एजन्सी मालाकी गिल्हूलीला. न बोलावता दहा मिनिटांत दारात उभा राहणारा विक्रेता कंपनीने आजवर पाहिला नव्हता. शिवाय त्याच दिवशी, तुमच्याच दुकानात बसून, त्यांनी शेगडीची पहिली मागणीही मिळवली.

"माझ्या दुकानात?" फिंटन ओरडला. "कोणी दिली मागणी?"

अट्रॅक्टा छताकडे बघायला लागली. कन्सेप्टाबाईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी. तुमच्या खोलीत गारठा असतो का, म्हणून त्याने विचारलं. तू कधी विचारलंस?"