सूर वाकवणाऱ्या ताराकाकू

म्हसळ्याला बदलून आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी शेजारच्या घरातून असं काही विव्हळणं ऐकू आलं, की मी गालावरचा फेस तसाच ठेवून धावलो. ओट्यावर साठीच्या एक बाई माउथऑर्गन तोंडाला लावून, डोळे मिटून बसलेल्या.

"घाबरू नको रे," त्या म्हणाल्या, "सूर वाकवतेय."

या ताराकाकू. निवृत्त अंगणवाडीसेविका. पोरांना गप्प बसवायला घेतलेला हा बाजा. पुढे जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीतं, बारशाला पाळणे, सगळं सरळ चाललेलं. मग बोटीवर नोकरीला असलेल्या भाच्याने फोनवर अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे ब्लूज, म्हणजे त्यांची दुःखाची गाणी, ऐकवली. काकू जेवायच्या विसरल्या.

"शब्द एक कळला न्हाय. पन ही आपलीच मानसं, ह्ये लगेच कळलं."

तेव्हापासून त्या फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढूनच जास्त वाजवायला लागल्या; तसा ओढला की सूर वाकतो म्हणे. आळी दचकायची. एका हळदीत त्यांनी असा सूर ओढला की नवरदेवच रडायला लागला. वरमाय भडकली, "काकू, मयत हाय का हितं?"

"न्हाय गं. पन लगीन हाय ना?"

भाच्याने त्यांचा व्हिडिओ टाकला आणि मुंबईच्या एका क्लबातून बोलावणं आलं. सोबतीला मी. गिटारवाली पोरं काकूंच्या पाया पडली. काकूंनी पदर खोचला, पहिला श्वास ओढला आणि ग्लासांची किणकिण थांबली. शेवटी सगळी माणसं उभी राहिली. मी तोंड उघडं टाकून बसलेलो. तिथेच त्यांना परदेश दौऱ्याचं विचारलं.

"न्हाय," काकू म्हणाल्या. "परतीची गाडी कितीला हाय?"

मी हादरलोच. वाटभर रागाने खिडकीकडे तोंड करून बसलो. दुसऱ्या दिवशी जाब विचारायला थेट त्यांच्या आतल्या खोलीकडे गेलो आणि दारातच थबकलो.

खाटेवर त्यांचे यजमान. अर्धांगवायूने वाचा गेलेली. त्यांच्या तोंडून मी कधी अक्षर ऐकलं नव्हतं. काकू उशाशी बसून एक ओळ वाजवत, थांबत. आणि तो मुका माणूस तीच ओळ गळ्यातून पुढे नेई, स्वच्छ सुरात!

"बोलनं गेलं," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "येवढं ऱ्हायलं. मी गेले तर ह्यांनी बोलायचं कुनाशी?"

यजमानांनी एक लांबलचक सूर धरला आणि शेवटी चांगलाच वाकवला. काकू खुदकन हसल्या.

"ऐकलंस? काल दिवसभर ननंदेच्या हवाली केलं म्हनून शिव्या घालतायत."