सासऱ्यांचे पंख

"दोनशे पंख आहेत या घरात, पण पंखा एक धड फिरत नाही," बायको भिंतीकडे तोंड करून पुटपुटली. भिंत दोन हातांवर होती आणि नवरा एका हातावर, तेव्हा बोलणं कुणासाठी होतं ते उघडच होतं.

चष्मेवाल्यांना ऐकूच आलं नाही. दिवसभर दुकानात दुसऱ्यांना भिंगं लावून देणारे चष्मेवाले आज स्वतःच्या डोळ्याला भिंग लावून बसले होते. वैमानिक छात्रांच्या गणवेशावरचे जुने, भरतकाम केलेले पंखांचे बिल्ले जमवायचा त्यांना नाद होता. अस्सल कुठला नि नकली कुठला, हे ते हातात घेताच सांगत. पण ज्याच्यासाठी त्यांचा जीव बावीस वर्षं खालीवर होत होता, तो बिल्ला सासऱ्यांच्या घरी चौकटीत टांगलेला होता. सासऱ्यांनी तरुणपणी तो छातीवर लावून खरोखर विमान उडवलं होतं. जावयाने मागितला की ते "बघू" म्हणत. आज सकाळी त्यांनी तो आपणहून आणून दिला. उद्या प्रदर्शन, मधली काचपेटी राखीव, आणि चार वाजता संग्राहक मंडळाचे परीक्षक घरी येणार होते.

चष्मेवाल्यांनी पडदे ओढले आणि अतिनील दिवा लावला. जुना सुती दोरा या दिव्याखाली गप्प राहतो, नंतरच्या काळातला चकाकतो. सासऱ्यांचा बिल्ला दुकानाच्या पाटीसारखा झगमगला.

"अगं, इकडे ये जरा."

बायकोने पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात एवढं तिलाही कळायला लागलं होतं. "तो दिवा आधी बंद करा," ती म्हणाली. "बाबांच्या कानावर हे जाता कामा नये."

"परीक्षक कुणाला सोडतोय? मागच्या वेळी एका कर्नलला चारचौघांत म्हणाला, हा बिल्ला तुमच्या नातवापेक्षा लहान आहे. बाबांना असं काही म्हणाला तर?"

"तर बाबा प्रदर्शनात पाऊल टाकणार नाहीत. आपल्या घरातही."

मग चष्मेवाल्यांनी जे केलं, ते नकली ओळखणाऱ्यालाच सुचावं. आपल्या संग्रहातला त्याच नमुन्याचा अस्सल बिल्ला काढून त्यांनी सासऱ्यांच्या चौकटीत बसवला, आणि सासऱ्यांचा स्वतःच्या खिशात टाकला.

चारला सासरे कडक इस्त्रीत आले, मागोमाग सासूबाई. परीक्षकांनी चहाला हात न लावता दिवा फिरवला, भिंग फिरवलं, चौकट उलटी केली.

"अस्सल," ते म्हणाले. "शंकाच नको."

बायकोने सोडलेला श्वास पडद्यापर्यंत पोचला. सासरे वाकून बघत होते.

"हा माझा नाही."

"काचेमुळे तसं वाटतं, बाबा."

"काच मीच बसवलीये. माझ्या बिल्ल्यावर डाव्या पंखाला एक पीस कमी आहे. सहा हवीत, पाच आहेत. रोज दाढी करताना बघतो मी."

ती पाच पिसं चष्मेवाल्यांनीही मोजली होती. नकलाकाराचा गलथानपणा, असं मनात म्हणून सोडून दिली होती. मालकानेही मोजली असतील हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझा कुठाय, जावईबापू?"

आवाज असा होता की बिल्ला खिशातून जणू आपोआप बाहेर आला. परीक्षकांनी सवयीने त्यावर दिवा धरला. टेबल उजळून निघालं.

सासरे बिल्ल्याकडे बघतच नव्हते. ते सासूबाईंकडे बघत होते, आणि सासूबाई कपात.

"दिव्यात बिघाड असेल," सासरे म्हणाले.

"हो, बल्ब जुना झालाय," जावई म्हणाले.

"त्या दिव्याखाली माझे दातसुद्धा चमकतात," लेक म्हणाली.

सगळे परीक्षकांकडे बघू लागले. कर्नलला न सोडणाऱ्या त्या माणसाने सासूबाईंची खाली गेलेली मान पाहिली, घसा खाकरला आणि थंड झालेला चहा ओढला.

"दमट हवेत होतं असं कधी कधी."

सासूबाईंनी कप बशीत ठेवला.

"दिव्याला नि हवेला कशाला बोल लावता? नकली आहे तो. खरा मी गणवेशाबरोबर ब्लीचमध्ये भिजवला, त्याच्या चिंध्या झाल्या. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. हा मी दुपारी दार लावून नव्या दोऱ्याने भरला." मग त्या सासऱ्यांकडे वळल्या. "आणि तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं, हेही मला ठाऊक आहे."