तिमाशेट व सुभानजी तारू एके अंबारीत बसले त्याची बखर

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, आणि सरस्वतीस एक नमस्कार जास्त घालून, कारण लिहिणाराचे अक्षर वाईट, शके सतराशे सोळा, आनंदनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यात जे जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. लिहिणार हुजूरच्या नगारखान्यावरील चाकर. चाळीस वर्षे नगारा वाजवून डावा कान गेला, परंतु डोळे शाबूत आणि नगारखाना उंच, सबब जे सदरेवर बसलेल्या थोरांस दिसत नाही ते आम्हांस दिसते. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले म्हणजे शेजारचे राज्य म्हणते आमचे याहून बरे, आणि मग वर्षभर त्याचीच मसलत चालते.

तर त्या राज्यात चाल ऐसी होती की, दरसाल मार्गशीर्षात एका थोर असामीस अंबारीचा मान द्यावा, आणि हत्तीण गडाच्या दरवाजापासून नदीच्या घाटापर्यंत चालवावी, आणि रयतेने दुतर्फा उभे राहून फुले टाकावी. त्यात एक कलम जुने की मानकऱ्याने सजोड बसावे. कारण अंबारी थोरल्या महाराजांच्या वेळची, एकटा बसला तर एका अंगास कलते, आणि हत्तीणीस ते खपत नाही, ती भर रस्त्यात बसकण मारते. म्हणून विधुर असेल त्याने बहीण आणावी, ब्रह्मचारी असेल त्याने आई आणावी, परंतु जागा रिती ठेवू नये ऐसा दंडक. आणि मान कोणास द्यावा हे दोन दप्तरांनी सुचवावे, एक सेवादप्तर, त्याचे कारभारी शिवरामपंत, आणि दुसरे पेठदप्तर, त्याचे कारभारी बहिरोपंत. दोन्ही दप्तरे एका चौकात, मध्ये एक भिंत, आणि भिंतीतील खिडकी कोणी उघडावी व कोणी लावावी यावरून दोघांच्या वडिलांचे बिनसले ते आजतागायत. इकडचा कागद तिकडे जात नसे. पंत एकमेकांस शिंकेवरून ओळखीत.

त्या राज्याच्या पेठेत तिमाशेट नामे मोठे सावकार, तीनशे माग त्यांचे, आणि त्यांचा धोतरजोडा हुजूर महाराज नेसत. अंगाने भरलेले, बोलण्यास गोड, आणि हसले म्हणजे पोट आधी हसे. तीन वर्षांमागे दसऱ्याचे पंक्तीस पाने मांडणाऱ्या कारकुनाने रिवाजाप्रमाणे विचारिले की शेटजी, कुटुंब आले नाही काय. तेव्हा भर पंक्तीत, वरण वाढीत असता, शेटजी बोलिले की, "माझे कुटुंब एक पुरुष आहे. एकोणीस वर्षे आम्ही एका चुलीवर जेवतो. त्यास बोलावणे नाही, म्हणून तो आला नाही." मग वाढपी थबकले, आणि वरण पानाबाहेर गेले, आणि कारकुनाने घाम पुसून वहीत लिहिले, सोबती असामी एक. नाव विचारिले नाही. पुढे आठ दिवस गावात दुसरी गोष्ट नव्हती. कित्येकांनी शेटजींच्या हातचा विडा घेणे सोडिले, कित्येकांनी मुद्दाम दोन घेतले. आणि राज्यातील थोर लोक आपलीच पाठ थोपटू लागले की पाहा आमचे राज्य कैसे उदार, शेटजींस कोणी काही म्हटले नाही. परंतु पुढल्या दसऱ्यासही पान एकच मांडिले, आणि त्याचे पुढल्यासही एकच. शेटजी येत, दोन घास खात, आणि घरी जाऊन पुन्हा जेवत. आमच्या मनास ते फार लागे, कारण आम्ही त्याच गल्लीत राहतो आणि ती असामी कोण हे गल्लीस पक्के ठाऊक होते. दरबारास ठाऊक नव्हते. आम्ही का सांगितले नाही म्हणाल, तर नगारखान्यास कोणी काही विचारीत नाही, वाजव म्हणतात आणि थांब म्हणतात.

ती असामी म्हणजे सुभानजी तारू. जातीचे नावाडी, सडपातळ, बोलणे थोडे. घरी थोडे दिवस आणि नदीपार फार दिवस, कारण पलीकडील गावे सखल. मानाच्या त्याच साली श्रावणात नदी फुगली ती अकरा गावांत शिरली. सुभानजींनी सतरा होड्या जमविल्या, आणि छपरांवरून, झाडांवरून, देवळाच्या शिखरावरून माणसे उतरविली, म्हाताऱ्या उतरविल्या, एक बाळंतीण उतरविली आणि तिची शेळीही, कारण शेळीवाचून ती येईना. पाणी ओसरले तो तापाची साथ आली. मग शेटजींच्या मागावरील जाडेभरडे कापड नेऊन त्याच्या राहुट्या ठोकिल्या, आणि पेज शिजविली, आणि पाणी उकळल्यावाचून कोणास पिऊ दिले नाही. चार महिने हा गृहस्थ घरी निजला नाही. सेवादप्तराचा जासूद जाऊन पाहून आला, आणि शिवरामपंतांनी लिहिले, सुभानजी तारू, नदीपार, बहुत माणसे वाचविली. घर कोठे हे लिहिले नाही, कारण दप्तराच्या कागदास तो रकाना नव्हता.

मग कार्तिकात मसलत बसली. शिवरामपंत म्हणाले, अंबारी सुभानजींस. बहिरोपंत म्हणाले, अंबारी तिमाशेटांस, कारण ऐसा मान ऐशा माणसास कोणत्याही राज्याने दिला नाही, आपण पहिले होऊ. शिवरामपंत म्हणाले, शेटजींनी केले काय, वरण वाढीत असता दोन वाक्ये बोलिले. इकडे माणूस गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला, आणि तिकडे माणूस पाटावर बसला होता. बहिरोपंत म्हणाले, पाटावर बसून ती दोन वाक्ये तुम्ही बोलून दाखवा. ती ऐकून मागावरचे किती विणकर आपले खरे घरी सांगते जाहले, किती जणांची लपूनछपून जगण्याची कटकट गेली, ते मोजण्यास होडी लागत नाही म्हणून ते थोडे काय. ऐसे अठरा दिवस चालले. न्हावी एका बाजूस, माळणी दुसऱ्या बाजूस. परटाच्या घरी नवरा सुभानजींकडे आणि बायको शेटजींकडे, तीन दिवस चूल दोन ठिकाणी. खरे सांगतो, आम्हांसही ठरवेना. सकाळी एक पटे, संध्याकाळी दुसरे.

त्यात बहिरोपंत शेटजींचे घरी जाऊन म्हणाले की, मान आपणासच होतो, फक्त सजोडीचे कलम आहे तर आपल्या भगिनीस बसवावे, म्हणजे कोणी नाक मुरडणार नाही. शेटजींचे हसणे थांबले. म्हणाले, बहीण माझी गुणाची आहे, परंतु तिचा तिला नवरा आहे. मी बसेन तर माझ्या माणसासह, नाही तर आपली हत्तीण आपणास लखलाभ. बहिरोपंतांनी मान हलविली आणि मनात धरिले की आयत्या वेळी शेट मानतील. नाव तेव्हाही विचारिले नाही. इकडे शिवरामपंत होडीत बसून, दोन्ही हातांनी काठ धरून, नदीपार गेले. सुभानजी पेजेचे हंडे घासीत होते. पंत म्हणाले, आपण एकदा दरबारात येऊन सांगावे की शेटजींचे बोलणे ते काय आणि आपले करणे ते काय, म्हणजे निकाल लागेल. सुभानजींनी हंडा खाली ठेविला आणि म्हणाले, "पंत, पुरात माणूस छपरावर असतो ना, तो आपणहून होडीत उडी टाकत नाही. त्याला वाटतं खाली नुसतं पाणीच आहे. मग मी अंधारातनं ओरडतो की मी हितं आहे. ते ऐकलं की मगच तो उडी टाकतो. शेटजी भर पंक्तीत तेवढंच ओरडले. आता ह्यात थोर कोण, ते तुम्ही दप्तरात बघा. मला हंडे घासायचेत." पंतांस यातील काही उमगले नाही. त्यांनी इतकेच म्हटले की मान झाल्यास आईस अथवा मावशीस आणावे. सुभानजी म्हणाले, माझी जोड मी आणतो.

आता हुजूर महाराजांचा स्वभाव ऐसा की मन फार मऊ आणि भूक फार कडक. जेवणाचे वेळी जो येई त्यास म्हणत, तुमचेच खरे. शिवरामपंत सोमवारी जेवणाचे वेळी गेले आणि महाराज म्हणाले, तुमचेच खरे. बहिरोपंत मंगळवारी त्याच वेळी गेले आणि महाराज तेच म्हणाले. दोघांनी आपापल्या दप्तरी येऊन शिक्का मोर्तब केले, आणि भिंतीपलीकडे तोच शिक्का पडतो हे कोणास कळले नाही. दोन आज्ञापत्रे निघाली, एक पेठेत, एक नदीपार, दोन्हींत एकच तिथी, एकच हत्तीण, आणि खाली, सजोड यावे. सुभानजी आपले पत्र मेणकापडात गुंडाळून चार महिन्यांनी घरी आले. शेटजींनी आपले दाखविले, आणि दोघे इतके हसले की शेजारून आमची बायको विचारावयास गेली की काय जाहले. परंतु ती परत येऊन म्हणाली, शेटजी हसता हसता रडले. ते म्हणत होते की सुभानजी, बावीस वर्षांत प्रथम तुम्हांस बोलावणे आले, आणि तेही माझ्या नावाने नव्हे, तुमच्या नावाने आले, तेच बरे. आणि मग म्हणाले की दरवाजावरून दोघांस परत फिरविले तर मी पुन्हा त्या दरवाजास जाणार नाही.

पंचमीस सकाळी गडापुढे हत्तीण सजवून उभी, रयत लोटलेली, आणि तेव्हा दोन्ही पंतांस कळले की मानकरी दोन आहेत. मानकरी दोन, जोडी दोन, म्हणजे माणसे चार, आणि माहूत दौलतखान हात जोडून म्हणाला की दोनावर तिसरे मूल बसविले तरी हत्तीण उठणार नाही. कोणी म्हणाले अर्ध्या वाटेवर बदलावे, कोणी म्हणाले चिठ्ठी टाकावी. इतक्यात वरून आम्हांस दिसले की गल्लीतून दोघे चालत येतात, पायी, बरोबरीने, एकाने नवे धोतर नेसलेले आणि दुसऱ्यासही त्याच ताग्यातील, आणि दोघांच्या हाती एकेक आज्ञापत्र. दरबारास वाटले भांडावयास आले. बहिरोपंत पुढे होऊन म्हणाले, शेटजी, आपल्या भगिनी कोठे. शिवरामपंत म्हणाले, सुभानजी, मातोश्री कोठे. तेव्हा शेटजींनी सुभानजींकडे बोट केले, आणि सुभानजींनी शेटजींकडे.

महाराज दोघांकडे पाहत राहिले. शेटजींचा चेहरा उतरला, आणि आम्हांस वाटले आता परत फिरा म्हणतील, आणि खरे सांगतो, आम्ही वर उभे राहून देवाचा धावा केला. मग महाराज सदरेवरून उतरून समोर आले आणि सुभानजींस म्हणाले, "आपले नाव काय?" सुभानजींनी सांगितले. "आणि आपण शेटजींचे कोण?" सुभानजी म्हणाले, "घरचा." महाराजांनी मान लवविली आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "अठरा दिवस आम्ही थोर कोण ते विचारीत बसलो. घरी कोण, हे एकदाही विचारले नाही. चूक आमची आहे." बहिरोपंत काही म्हणू पाहत होते की यादीत भगिनी लिहिल्या आहेत, तो महाराजांनी माहुतास विचारिले, अंबारी कलेल काय. दौलतखानाने दोघांस वरखाली न्याहाळिले आणि म्हणाला, शेटजी भरलेले आणि हे हलके, तर शेटजींनी जरा मध्ये सरकून बसावे, म्हणजे काही चिंता नाही. मग आम्ही टिपरी उचलली आणि हुकमाची वाट न पाहता नगारा वाजविला, आणि त्याबद्दल पुढे आमचे कान उपटले ते डाव्या बाजूने, म्हणून फारसे ऐकू आले नाही.

हत्तीण उठली. आणि मग ऐसे दिसले की पुरात गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहणारा हा पुरुष, त्यास उंचीचे भय. हत्तीणीने पहिले पाऊल टाकिले तो सुभानजींचा रंग उडाला, डोळे मिटले, आणि त्यांनी शेटजींचा हात धरिला, दोन्ही हातांनी, भर रस्त्यात, अवघ्या राज्यादेखत. फुले टाकणारांचे हात क्षणभर थांबले. शेटजींनी इकडे तिकडे पाहिले, जैसे बावीस वर्षे पाहत आले होते. तेव्हा नाक्यावरची माळीण जनाबाई, जी अठरा दिवस शेटजींविरुद्ध भांडली होती, ती टोपली डोक्यावरून उतरवून म्हणाली, "सुभानजी, घट्ट धरा त्यांना. अन् शेटजी, तुम्ही बघता काय, हात ठेवा की पाठीवर." मग शेटजींनी हात पाठीवर ठेविला, आणि घाट येईतो काढिला नाही.

एवंच, त्या राज्यात थोर कोण याचा निकाल अद्यापि लागला नाही, आणि परटाच्या घरी वाद चालूच आहे, मात्र चूल एक जाहली. पुढे ते उभयता बहुत वर्षे सुखाने नांदले. सुभानजी पुन्हा हत्तीवर चढले नाहीत. जे पाहिले ते लिहिले, जास्त घातले नाही, कमी केले नाही. वाचणाराने आपल्या पंगतीस कोणास बोलावणे करावयाचे राहिले असेल तर त्याचे नाव आजच विचारावे.