बिटकॉइनच्या मांडवात माणिकआप्पा

माणिकआप्पा बिटकॉइनच्या मंचावर येणाऱ्या प्रत्येक नव्या सदस्याला नारळ देतात. खरा देता येत नाही, म्हणून चित्रातला. नारळाच्या आधी चार ओळींचं स्वागत असतं आणि त्या ओळी मी टाइप करते. आप्पांकडे स्वतःचं बिटकॉइन एकही नाही. कधी नव्हतंच.

हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी कॉलेजसाठी रोज जीपने वडवणीला जाते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे मोबाईलमधलं मला सगळं येतं, असं आमची गल्ली धरून चालते. कुणाचा ओटीपी आला नाही, की मी. पीकविम्याचा फोटो चढला नाही, की मी. आप्पा आमचे शेजारी, मधे फक्त एक चिंचेचं झाड. तेही असेच एका संध्याकाळी मोबाईल घेऊन आले आणि म्हणाले, "पोरी, हितं मला घाल."

ते 'हितं' म्हणजे क्रिप्टोमध्ये नव्याने पैसे गुंतवणाऱ्यांसाठी कुणीतरी चालवलेला एक मराठी मंच होता. प्रश्न विचारायचे, जाणत्यांनी उत्तरं द्यायची. मला वाईट वाटलं. कारण त्या घराने या प्रकारात एकदा हात पोळून घेतले होते. आप्पांचा गणेश पुण्याकडे कंपनीत होता. त्याचे सगळे पैसे आणि त्याच्या शब्दावर गावातल्या चौघांनी दिलेले पैसे क्रिप्टोच्याच एका ॲपमध्ये बुडाले. तेव्हापासून गणेश गावाकडे आलेला नाही. गावात लोक आधीच बोलत होते. आता पारावर नवीनच सुरू झालं, "लेक गेला त्याच वाटंनं बाप बी निघाला की."

पण आप्पा काही विकत घ्यायला निघाले नव्हते. ते स्वागताला निघाले होते.

आप्पांच्या घरी शेळ्या आहेत, थोडी जमीन आहे, पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती माईकमुळे. आमच्याकडे लग्नात अक्षता पडायच्या आधी आलेल्या पाहुण्यांची नावं माईकवर घ्यावी लागतात. सरपंच, माजी सरपंच, होणारे सरपंच. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवल्याशिवाय उठतो आणि पुढे त्याच्या घरच्या लग्नात तुमचं नाव राहतं. हे काम आप्पांनी उभा जन्म केलं. त्यांच्या मांडवातून नाव पुकारल्याशिवाय एकही माणूस बाहेर पडला नाही. ज्याचं नावच माहीत नाही, त्याच्याकडे हात करून ते म्हणायचे, "अन् ज्यांच्या येण्यानं मांडवाला शोभा आली असे आपले पाव्हणे!" तो पाहुणा मान ताठ करून बसायचा. पुढे लग्नं मंगल कार्यालयात गेली. निवेदनाला बीडहून कोटातली पोरं येऊ लागली, ती शेर म्हणतात. आप्पांना बोलावणं येतं, पण जेवायला.

मंचावर सगळ्यात वर नवख्यांसाठी नियम लिहिलेले आहेत. ते मी आप्पांना वाचून दाखवले. बुडाले तरी चालतील एवढेच पैसे लावा. विचारण्याआधी जुनी उत्तरं वाचा. तुमच्या पाकिटाचे गुप्त शब्द कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही. खासगीत येऊन पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आपल्याकडे किती आहे ते चारचौघांत बोलू नका.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "हे समदं लग्नातलंच हाय."

"कसं काय?"

"दुप्पट करून देतो म्हणणारा बघ. तो मुलीकडच्याला म्हणतो मी मुलाकडचा, मुलाकडच्याला म्हणतो मी मुलीकडचा. अन् जेवतो दोन्ही पंगतीला. दर लग्नात एक तरी असतोय."

मला हे पटलं. पण सगळंच काही आप्पांना कळायचं असं नाही. एकदा त्यांनी विचारलं, ही नाणी येतात कुठून. मी आदल्या दिवशीच वाचलं होतं, म्हणून जरा थाटात सांगितलं की संगणक लावून त्यांचं खाणकाम करतात.

"कोणत्या नदीत?"

"नदीत नाही, आप्पा. संगणकावर."

"गेवराईकडं वाळू काढतेत तसंच ना? मग तहसीलदार का बरं धरत न्हाई?"

मी अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे रात्रीचंच काढत असतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी एका नवख्याला सल्ला दिला, की नाणं घेताना कुठल्या गाळाचं आहे ते बघून घ्यावं. मी ते टाइप केलं नाही. टाइप केलं म्हणून सांगितलं.

त्यांचा खरा जीव स्वागतात. तिथे लोक आपली नावं लावत नाहीत, काहीतरी टोपणनाव घेतात. आप्पांना ते पसंत नव्हतं, पण पाहुणा सांगेल ते नाव घ्यायचं हा त्यांचा धंद्यातला नियम. 'गरीब देवमासा' नावाचा कुणी आला (तिथे बड्या गुंतवणूकदाराला देवमासा म्हणतात), तर आप्पा सांगायचे, "लिही, श्रीमान गरीब देवमासा साहेब." 'कॉइनचा बाप' नावाचा आला तेव्हा ते जरा थांबले. मांडवात बाप काढणं बरं नाही. त्यांनी लिहायला लावलं, "कॉइनचे तीर्थरूप आपल्यात उपस्थित झालेले आहेत." एकाचं नाव म्हणजे नुसते आकडेच होते, गाडीच्या नंबरासारखे. आप्पांनी सवयीने त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

पूर्ण स्वागत असं असायचं: "श्रीमान अमुक यांचे या मंचावर सहर्ष स्वागत. उशीर झाला म्हणून मनात काही आणू नये. इथे जागा भरपूर आहे, कुणाचा कुणावर राग नाही. घरी सर्व क्षेमकुशल आहे." आणि खाली नारळ. शेवटचं वाक्य मला नेहमी जास्तीचं वाटायचं. पण लग्नातल्या भाषेला अर्थ विचारत नाहीत, म्हणून मी विचारला नाही.

लोक हसायचे. काही जण चांगल्या मनाने हसायचे. एकाने विचारलं, "काका, मांडव कुठे आहे?" आप्पांना आनंद झाला. त्यांनी वडवणीच्या स्टँडवर उतरून कोणती जीप धरायची, कुठल्या पुलाशी उतरायचं, शेळ्यांचा गोठा कुठल्या हाताला, सगळं सांगितलं. मंचाचा 'पहारेकरी' नावाचा एक चालक आहे, त्याने ते लगेच काढून टाकलं आणि लिहिलं, "कृपया व्यक्तिगत माहिती देऊ नये." आप्पा म्हणाले, "पत्ता न्हाई सांगायचा, मग पाव्हणा येणार कसा?"

काकू, म्हणजे आप्पांची बायको, समोर शेंगा फोडत असायच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "इतकी वर्सं झाली, मला कधी या-बसा म्हणले न्हाईत. अन् त्या मोबाईलमधल्या चोरांना सहर्ष."

"तू पाव्हणी हायस का?" आप्पा म्हणाले.

"न्हाई. पाव्हणी असते तर दोन दिवसांत सुटले असते."

असे बरेच महिने गेले. मग पहारेकऱ्याचा निरोप आला. मी तो वाचून दाखवला. "माणिक काका, तुमच्या लांब स्वागतांमुळे नव्या लोकांचे प्रश्न खाली जातात आणि त्यांना वेळेवर उत्तर मिळत नाही. याबद्दल आधीही सांगितले होते. आता स्वागत बंद करावे, नाहीतर सदस्यत्व रद्द करावे लागेल."

आप्पा काही तरी गमतीचं बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, पडदा पालथा करून मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"जाऊ द्या ना, आप्पा," मी म्हणाले. "तुमचं काय अडलंय तिथे? तुमचा एक रुपया त्यात नाही."

"रद्द केल्यावर काय दिसत न्हाई का?"

"नाही. आतच जाता येत नाही."

"दुसऱ्या नावानं?"

"आप्पा, कशाला पण?"

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "सांगा की तिला," त्या म्हणाल्या. "ती काय परकी हाय का?"

"गण्या त्यात हाय," आप्पा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"त्यानंच मला दावलतं ते. सुट्टीला आलता तवा, पैसे बुडायच्या आधी. म्हणला, आप्पा, हितं समदे शिकवतेत, एकमेकाला सांभाळून घेतेत. तो कुठं बी असू दे, तिथं एखांदा चक्कर मारीतच असंल."

"पण तिथे खरी नावं नसतात. कुठला गणेश, ते कळणार कसं?"

"म्हणून तर समद्याला घ्यावं लागतंय," आप्पा म्हणाले.

काकूच पुढे बोलल्या. पैसे बुडाल्यावर ते चौघे दारात आले होते. त्याच संध्याकाळी गणेशचा फोन आला. "तवा हे काय म्हणले त्याला? म्हणले, तुजं नाव पुन्हा ह्या तोंडातून निघायचं न्हाई. दुसऱ्या बापानं म्हणलं असतं तर पोरानं सोडून दिलं असतं. हे माईकवाल्याचं लेकरू. त्याला नाव न घेणं म्हंजे काय ते ठावं हाय."

"रागात म्हणलो," आप्पा म्हणाले. हे ते काकूंना सांगत होते की मला, कळलं नाही. त्यानंतर गणेशचा नंबर लागला नव्हता.

घरी सर्व क्षेमकुशल आहे. कुणाचा कुणावर राग नाही. इतके महिने ते माझ्याच बोटांनी लिहिलं जात होतं आणि मी ते लग्नाची भाषा समजत होते. मला आणखी एक गोष्ट माहीत होती. असे पैसे गेलेली माणसं बहुतेकदा अशा मंचावर परत येत नाहीत. ती ॲप काढून टाकतात, सिम मोडतात, तो विषय निघाला तरी उठून जातात. मी हे तिथेच वाचलेलं होतं, अनेकांनी अनेकांबद्दल लिहिलेलं. आप्पांना हे सांगावं, असं ओठापर्यंत आलं. शिकलेल्या माणसाने खरं सांगावं, असं मला वाटतं. पण काकू माझ्याकडे बघत होत्या आणि मला वाटलं, त्यांनाही ते माहीत आहे. मी सांगितलं नाही. बरोबर केलं का, अजून ठरवता येत नाही.

मी पहारेकऱ्याला लिहायला बसले. आप्पांनी अट घातली, गणेशचं काही काढायचं नाही, चारचौघांत त्याची शोभा नको. म्हणून मी इतकंच लिहिलं की काका वयस्क आहेत, नव्या माणसाला या म्हणणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम आहे, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये असताना उत्तर आलं. "ठीक आहे. पण एकच ओळ. आणि चित्र नको."

आप्पांनी नारळ सोडला तो सहज सोडला. ओळीने मात्र त्यांना बेजार केलं. एका ओळीत लग्न कसं लावायचं म्हणाले. संध्याकाळी ओट्यावर ते एक एक शब्द म्हणून बघायचे आणि मी मोजायचे. "सहर्ष काढ," ते म्हणाले. मग श्रीमान गेलं. मग मंच गेला, उपस्थित गेलं. क्षेमकुशल त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि तेही सोडलं. शेवटी म्हणाले, "लिही. आलास, बरं झालं. बस."

"आप्पा, एकेरी?" मी म्हणाले. "मोठी माणसंही येतात. बायका येतात. रागावतील."

"रागावू दे."

मी लिहिलं. त्या संध्याकाळी एक नवीन सदस्य आला. त्याने 'रिकामा खिसा' असं नाव घेतलं होतं. प्रश्न वगैरे काही विचारला नव्हता, नुसता येऊन थांबला होता. मी आप्पांची ओळ पाठवली. थोड्या वेळाने उत्तर आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. "तुम्ही मला ओळखता का?"

आप्पा पुढे सरकले. काकूंचा हात शेंगेवर थांबला.

"इचार," आप्पा म्हणाले, "गाव कोणतं."

पहारेकऱ्याचा नियम मला माहीत होता. तरी मी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. तो अकोल्याकडचा होता. ट्रक चालवायचा, पैसे गेले होते, घरी अजून सांगितलं नव्हतं.

काकू सूप उचलून आत गेल्या. मी मोबाईल बंद करायला लागले, तर आप्पा म्हणाले, "त्याला उत्तर दे की. त्यानं इचारलंय."

"काय लिहू?"

आप्पांनी घसा साफ केला, माईकपुढे करायचे तसा.

"वळखत न्हाई म्हणावं," ते म्हणाले. "तरी बस."