तोंड मिटून गाण्याची अट

ताईचा डावा कान जायला लागला आहे, असं कानाच्या डॉक्टरांनी एका मंगळवारी सकाळी चष्मा पुसता पुसता जाहीर केलं. वीस वर्षं ती स्टेजवर गाते आणि वीस वर्षं पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून तिचाच आवाज तिच्यावर ओरडतो. "आणखी वर्षभर असंच चाललं तर हा कान संपला," डॉक्टर म्हणाले. "कानात घालायचे मॉनिटर घ्या, कानाच्या मापाने बनवलेले. बाहेरचा गोंगाट थांबतो आणि हळू आवाजातही आपलं गाणं आपल्याला ऐकू येतं."

मी ताईचा धाकटा भाऊ. तिच्या कार्यक्रमांत ध्वनियंत्रणा मी सांभाळतो, म्हणजे काही बिघडलं की बोलणी मी खातो. त्यामुळे मॉनिटर निवडायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं आणि मी ते रीतसर करायचं ठरवलं. तिथेच माती खाल्ली.

असे मॉनिटर बनवणारे तीन कारखाने मला सापडले. मी तौलनिक तक्ता केला. पहिला कारखाना एकेका कानात चार बारके स्पीकर बसवायचा, दुसरा आठ, तिसरा सोळा. करंगळीच्या पेराएवढ्या जागेत सोळा जण दाटीवाटीने काय करतात हे कुणी सांगेना, पण आठवाले चारवाल्यांचं नाव निघालं की दयेने हसायचे. तीन आठवड्यांत तक्त्याला सत्तावीस रकाने झाले. ताईने एकदा डोकावून विचारलं, "यात ऐकू किती येतं ते कुठे लिहिलंय?" मी म्हणालो, ते तांत्रिक आहे, तुला नाही कळायचं.

शेवटी आठवाल्यांची निवड झाली. त्यांची दोनशे चौदा परीक्षणं होती, आणि झाडून सगळी पाच ताऱ्यांची. एवढी माणसं उगाच कशाला खोटं बोलतील?

त्यांच्या साचा विभागातल्या गृहस्थांनी ताईच्या कानांत गुलाबी लगदा भरला. "तोंड मिटा. पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही." ताई मुकाट बसली. लगदा घट्ट झाला, साचे निघाले, त्यांना क्रमांक पडला आणि ताईने एका कागदावर सही केली. 'हेच माझे कान आहेत व ते मला मान्य आहेत.'

मॉनिटर पाच आठवड्यांत येणार होते, ते चौथ्या महिन्यात आले. मखमलीची डबी, डबीत दुसरी डबी. ताईने ते कानात घातले आणि खूश झाली. मग तिने गायला तोंड उघडलं. जबडा हलला, कानाची पोकळी बदलली, फट पडली आणि आवाज गायब. तोंड मिटलं की आवाज परत हजर. म्हणजे ती गात नसे तेव्हा तिला सगळं छान ऐकू यायचं.

मी तक्रार विभागाला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, अतिशय गोड आवाजाच्या.

"मॅडम वापरताना तोंड उघडतात का?"

"गातात हो त्या."

"म्हणजे उघडतात." टकटक टाइप केल्याचा आवाज आला. "आपला साचा मिटलेल्या तोंडाचा आहे, सर. तोंड उघडल्यावर जो कान होतो, तो नियमावलीनुसार वेगळा कान."

"मग त्या कानाचा साचा घ्या ना."

"घेऊ की. पण मॅडमनी दोन्ही कान आधीच मान्य केलेत. नवीन कान दाखल करायला जुने रद्द करावे लागतील. ते आता अस्तित्वात नाहीत असा डॉक्टरांचा दाखला आणा."

मी डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. अर्ज दोनदा वाचून म्हणाले, "असं कसं लिहून देऊ? कान आहेत की जागेवर. डाव्यापुरतं म्हणाल तर सहा-सात महिने थांबा, मग देता येईल."

चिडून मी सोळावाल्यांना फोन केला. ते म्हणाले, मॅडमचे कान आठवाल्यांकडे नोंदलेले आहेत, त्यांचं ना-हरकत पत्र लागेल. आवाज ओळखीचा वाटला.

"मगाशी तुम्हीच बोललात ना?"

"मगाशी मी आठवाल्यांकडे होते, सर."

"आणि चारवाले?"

"ते गुरुवारी."

सत्तावीस रकान्यांचा तक्ता माझ्यासमोर भिंतीवर होता. त्याच्याकडे बघवेना. माझा बांध फुटला. मी बाईंना सांगितलं, अहो, माझी बहीण आहे ती, तिचा कान चाललाय. बाईंनाही वाईट वाटलं असावं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही आठवाल्यांचं परीक्षण अजून लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांना आम्ही रांगेत पुढे घेतो. दाखल्याची अटही शिथिल होते."

"चालत नाही त्या वस्तूचं काय लिहू?"

"पाच तारे, सर. सगळे तेवढेच लिहितात."

"म्हणजे ते दोनशे चौदा जण..."

"रांगेतच आहेत. तुम्ही दोनशे पंधरावे."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. 'कानात घातल्याबरोबर ताईच्या डोळ्यांत पाणी आलं,' हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं.

त्यानंतर उघड्या तोंडाचा साचा झाला. दातांत लाकडी ठोकळा धरून ताई पाच मिनिटं बसली आणि आम्ही वाट बघू लागलो. कार्यक्रम थांबवता येत नव्हते. ताई पुन्हा पायाशी स्पीकर ठेवून गात होती. "पुढच्या आठवड्यात नक्की," मी दर आठवड्याला सांगायचो.

अकराव्या महिन्यात नवीन मॉनिटर आले. ताईने तालमीत मोठा आ करून वरची पट्टी लावली. मॉनिटर तसूभरही हलला नाही.

"येतोय आवाज?" मी विचारलं.

"उजवीकडे येतोय."

मी वायर बदलली. डावा मॉनिटर पुसून माझ्या कानाशी धरला. खणखणीत ऐकू येत होतं. मी परत तिच्या कानात घातला. ती वाट बघत राहिली, मग तिने तो काढून डबीत ठेवला.

"वस्तू चांगली आहे रे," ती म्हणाली. "पाच तारे."

परीक्षण तिने वाचलं होतं तर. मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डाव्या कानाचा दाखला दोन मिनिटांत दिला. आता तो कशालाच लागत नव्हता.

मी परीक्षण काढून टाकायला गेलो. बाई म्हणाल्या, काढता येईल, पण मग मॅडमच्या उजव्या कानाची हमी रद्द होईल. ताईला तेवढाच एक कान उरला आहे, म्हणून मी परीक्षण राहू दिलं. त्याखाली चारशे नऊ जणांनी 'उपयुक्त' असं बटण दाबलेलं होतं. त्यांतले काही तुम्हीच असाल. तुम्ही तारे मोजलेत आणि एवढी माणसं उगाच कशाला खोटं बोलतील, असं म्हणून कान देऊन आलात. वस्तू आली की फोन करा, बाई गोड बोलतात. मग तुम्हीही परीक्षण लिहाल, माझ्यापेक्षा चांगलं लिहाल. तोवर तोंड मिटून राहा. मिटल्या तोंडी सगळं छान ऐकू येतं.